बोलका कडा आणि न थांबणारे वऱ्हाड

एका राज्यात डोंगरांनाही आठवण असे. त्या राज्याची राणी जाईवंती. केस पिकले तसा तिने मुकुट लेकीच्या माथी ठेवला, राजवाड्याच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या, आणि आपल्या जुन्या दासीला, हरणाईला म्हणाली, "राहुटी काढ. बोलक्या कड्याखाली तळ टाकायचा आहे."

बोलका कडा तळ्याच्या काठी उभा होता. त्याच्या पायथ्याशी कुणी काही बोलले, की ते तो पोटात जपून ठेवी. सूर्य उगवताना सारे शांत असेल, आणि कुणी गेलेल्या माणसाचे नाव घेऊन हाक मारली, तर कडा त्या माणसाचा आवाज परत देई. मात्र ही हाक प्रत्येकाला जन्मात एकदाच.

जाईवंती लहान असताना तिचे वडील, राजा भानुकेतू, दर हिवाळ्यात तिला तेथे नेत. हत्ती नाही, पालखी नाही, भालदार-चोपदार नाहीत. बाप, लेक आणि एक राहुटी. राजा स्वतः तीन दगडांची चूल मांडी, राखेत वांगी भाजी, आणि लेकीला घोंगडीत गुंडाळून तळ्यातल्या माशांची नावे सांगे. त्याला जाऊन कैक वर्षे झाली होती. जाईवंतीला त्याचे चालणे आठवे, हसताना बारीक होणारे डोळे आठवत. आवाज मात्र आठवत नसे. आठवणीतला बाप ओठ हलवी, आणि शब्द काही येत नसत. याचेच तिला दुःख होते.

ती तळ्यावर आली. काठावरची चिंच तीच होती, पाणीही तेच. पण शेजारच्या माळावर एक वऱ्हाड उतरले होते. हलगी कडाडत होती, सनई किंचाळत होती, बैलांच्या घुंगुरमाळा वाजत होत्या. वरमाई स्वयंपाक्यांवर ओरडत होती आणि स्वयंपाकी पातेली आपटून तिला उत्तर देत होते. रात्र सरली तरी गोंगाट सरला नाही. सूर्य उगवला, आणि राणी हाक न मारताच कड्यापासून मागे फिरली.

"यांना येथून उठवते," असे म्हणून ती माळावर गेली. वरबाप भिवजी सामोरा आला. त्याने वाकून मुजरा केला आणि हलगीच्या वर आवाज चढवून म्हणाला, "आईसाहेब, आम्हालाही गप्प व्हायचे आहे. होता येत नाही."

त्याने हलगीवाल्याला खूण केली. हलगी थांबली. त्यासरशी साऱ्या वऱ्हाडाचा श्वास अडकला, पोरासोरांचे ओठ काळेनिळे पडले. भिवजीने हात हलवला, हलगी पुन्हा कडाडली, आणि माणसे धापा टाकू लागली.

"वाटेला लागतो, खिंड ओलांडतो, आणि उतरतो तो पुन्हा याच तळ्यावर," भिवजी म्हणाला. "दोन सुग्या गेल्या. नवरदेवाच्या अंगची हळद अजून ओली आहे. पलीकडच्या गावी नवरी वाट पाहते आहे."

राणी खिन्न होऊन परतली. राहुटीच्या दोरीवर एक खंड्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणी, हा शाप आहे. शाप देणारा मांत्रिक कड्यावरच्या गुहेत राहतो. त्याला विचार."

राणी कडा चढून गेली. गुहेत एक वाळका, जटा वाढलेला म्हातारा बसला होता. त्याने तिचे म्हणणे ऐकून घेतले. "शाप सुटेल," तो म्हणाला. "तीन कामे कर. पहिले: उद्या दिवसभर त्या वऱ्हाडात बस. कानांवर हात ठेवलास, तर जन्माची बहिरी होशील."

राणी जाऊन बसली. सकाळी तिचे डोके फुटायची वेळ आली. वरमाईने तिच्यापुढे पान मांडले आणि ओरडून म्हणाली, "संकोच करू नका, आईसाहेब. अन्न पुष्कळ आहे, जेवण्यात कुणाचे मन नाही एवढेच." दुपार कलली तसा त्या कोलाहलाचा एकेक धागा राणीला वेगळा ऐकू येऊ लागला. एक आत्याबाई बेसूर ओव्या म्हणत होती, कारण थांबली की तिला रडू येई. वरमाई ओरडे, पण तिचा घसा केव्हाच बसलेला होता. संध्याकाळी राणी उठली, तेव्हा "यांना उठवते" हे शब्द तिच्या मनात उरले नव्हते.

"दुसरे काम," मांत्रिक म्हणाला. "हलगीवाला रावबा शाप लागल्यापासून झोपला नाही. उद्या दिवसभर त्याची हलगी तू वाजव."

राणीने हलगी गळ्यात घातली. रावबा बैलाच्या पाठीला टेकला आणि क्षणात घोरू लागला. राणीच्या हाताला तलवार ठाऊक होती, हलगीचे टिपरू ठाऊक नव्हते. आधी ताल चुकला, मग जमला, मग बोटे सुजली. हरणाई म्हणाली, "राणीसाहेब, पुरे करा." राणी म्हणाली, "याला पोटभर झोपू दे." दिवस मावळेपर्यंत तिने टिपरू खाली ठेवले नाही.

मांत्रिकाने तिचे सुजलेले हात निरखून पाहिले. मग म्हणाला, "तिसरे काम अवघड आहे. माझी आई या कड्याखाली मोळ्या बांधायची. मी मोठी विद्या शिकून परत आलो, तोवर ती गेली होती. तिचा आवाज ऐकण्यासाठी मी माझी हाक मारली. कडा बोलू लागला, आणि त्याच वेळी हे वऱ्हाड वाजतगाजत आले. मला एक शब्दही कळला नाही. उद्या सूर्योदयाला मी घटकाभर शाप आवरून धरतो. हाक तुझी आहे, राणी. वडिलांना हाक दिलीस, तर त्यांना ऐकशील, आणि शाप पुन्हा चालू होईल. माझ्या आईला हाक दिलीस, तर शाप सुटेल. तिचे नाव गिरजा."

पहाट झाली. माळावर हलगी थांबली, आणि या वेळी कुणाचा श्वास अडकला नाही. तळ्यावर अशी शांतता पसरली, की पाण्यावर पडलेले चिंचेचे पान ऐकू यावे. सारे वऱ्हाड तोंडावर हात धरून उभे होते. राणी कड्यासमोर गेली. वडिलांचे नाव तिच्या जिभेवर होते. तिने एकदा वळून पाहिले. वरमाईने नवरदेवाचा हात घट्ट धरला होता, जणू तो पुन्हा कुठे हरवेल.

राणीने डोळे मिटले. "गिरजाबाई," तिने हाक मारली.

कडा बोलला. आवाज साध्या, दमलेल्या बाईचा होता. "बाळा, भाकरी निवते आहे. ये लवकर."

वर गुहेपाशी मांत्रिक दगडावर बसला आणि आईचा पदर हातून सुटलेल्या पोरासारखा रडला. नवरदेवाच्या गालावरची हळद सुकून झडली. वऱ्हाडाला गप्प राहता येत होते, आणि गप्प राहून काय करायचे हे कुणाला सुचत नव्हते. शेवटी भिवजी हळूच म्हणाला, "निघू या." रावबाने राणीच्या पायांवर डोके ठेवले. गाड्या जुंपल्या, आणि घुंगुरमाळांचा आवाज खिंडीकडे लांबत गेला.

मग मांत्रिक खाली उतरला आणि राणीच्या चुलीपाशी टेकला. "तुझे वडील कसे होते?" त्याने विचारले.

हे तिला कधी कुणी विचारलेच नव्हते. राजा सगळ्यांना ठाऊक होता. राणी आधी अडखळली, मग सांगू लागली. ते पोहताना नाक दाबून धरत. दरबारात कंटाळा आला, की अंगठ्याने अंगठी फिरवीत. एकदा मधमाशांना भिऊन ते शेणाच्या ढिगात शिरले होते. मांत्रिक हसला, हरणाई हसली. सांगता सांगता राणी वडिलांच्या बोलण्याची नक्कल करू लागली, आणि हरणाई हातातले काम टाकून म्हणाली, "अगदी असेच बोलत, राणीसाहेब. मधेच थांबत, तेही असेच."

उन्हे कलली. खिंडीपलीकडून सनई ऐकू आली. राणीने सुपातले चिमूटभर तांदूळ घेतले, त्या दिशेला टाकले, आणि राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली.

वऱ्हाड मांडवात पोचले, मांत्रिकाचा राग निवला, राणीला तिचा बाप बोलता झाला. वाट चुकलेल्या सगळ्यांना त्यांचे मुक्काम असेच सापडोत.