सुहासने गप्प केलेला नॉक सेन्सर

"...मग आता तरी माझ्या नावाचा बोर्ड लावू का, उस्ताद?"

सुहास रेवाळे साखरप्याला दाऊद उस्तादांच्या गॅरेजात सात वर्षं शिकत होता. उस्तादांनी हो म्हटलं, की तो स्वतःचं गॅरेज उघडणार होता.

उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. समोरच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं.

"काय केलंस हिला?"

"घाटात दम टाकत होती. इंजिनात ठोका पडला की नॉक सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर ओढ कमी करतो. हा सेन्सर सारखाच ओरडत होता. मी वायरीत दोन रेझिस्टर टाकले. सिग्नल निम्मा!" सुहासने रेझिस्टर बसवलेली नखाएवढी पट्टी दाखवली. "सकाळी आंबा घाट चढून आलो. काय पळाली!"

"वा! आणि ठोका?"

"आता कळतच नाही."

"कोणाला?"

...

उस्तादांनी इंजिन सुरू करायला लावलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला. डोळे मिटले. मग खो-खो हसत त्यांनी तो सुहासच्या हाती दिला.

सुहासने कान लावला. टोक इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं.

"हा आतला ठोका नाही, उस्ताद. बाहेरून..."

त्याने इंजिन बंद केलं. सेन्सरशेजारचा, पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प चाचपला. बोल्ट नुसत्या बोटाने फिरला.

"मागच्या महिन्यात पाइप बदलला, तेव्हा मीच..."

"आवळला नाहीस?"

"राहिला."

"आणि तो बिचारा सेन्सर महिनाभर तुझी चहाडी करतोय! त्याचंच तोंड बांधलंस होय रे?"

आधी उस्ताद हसले. मग सुहासलाही हसू आवरेना.

त्याने पट्टी काढली, वायर पहिल्यासारखी जोडली, बोल्ट आवळला आणि गाडी घाटाकडे पिटाळली. पाऊण तासाने हॉर्न वाजवतच परतला.

"तशीच चढली, उस्ताद! पट्टीशिवाय!"

उस्तादांनी मान डोलावली.

सुहास हात पुसत उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे बोर्डाचं यंदाही राहिलं. चूक माझीच निघाली."

"ऐकू आली ना?" उस्ताद म्हणाले. "मग बोलव रंगाऱ्याला."