ठकूबाईची कणगी

सह्याद्रीच्या ऐन धारेवर कोळसोंडे नावाचे एक लहानसे गाव होते. श्रावणात तिथे ढग आकाशात राहत नसत. ते गुरांच्या मागोमाग गावात शिरत आणि लोकांच्या ओसरीवर येऊन बसत. अशा त्या गावी दयाळगिरी महाराज एका चातुर्मासासाठी म्हणून आले आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिले. महादेवाच्या देवळाच्या पडवीत त्यांचे आसन असे. बोलणे अगदी थोडे. कोणी काही विचारले तर महाराज आधी डोळे मिटत आणि मग असे काही बोलत की ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ घरी गेल्यावर, कधी वर्षाने कळावा!

त्याच गावात ठकू बुरडीण राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. बांबूच्या कामट्या तासून ती सुपे, टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणी. माणूस आत उभा राहील एवढ्या थोरल्या कणग्या तिने घरोघरी विणून दिल्या होत्या. तिच्या स्वतःच्या घरात मात्र तांदूळ असायचा तो एका मडक्यात, आणि तोही उद्यापुरता.

एकदा सुगी सरताना ती पडवीत दर्शनाला गेली. महाराजांनी तिच्या चिरा पडलेल्या बोटांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "ठकू, साऱ्या गावाच्या कणग्या विणल्यास. यंदा एक आपल्या घरासाठी विण. आणि काठोकाठ भर."

"म्हाराज, एकल्या जिवाला कणगीभर तांदूळ? खाणार कोण?"

"येतील," महाराज म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

ठकूने दुसरे काही विचारले नाही. तिने कणगी विणली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपली, उन्हात खणखणीत वाळवली. पण भरायची कशाने? तांदळाने भरलेली कोठारे गावात एकाच दारी होती. ते दार हैबतराव देशमुखांचे. देशमुख देवधर्म मानत, पण पडवीतल्या गोसाव्याला मानत नसत. वर्षभर लागतील तेवढ्या सुपे-टोपल्या विणून देईन, त्या बदल्यात तांदूळ द्या, असे ठकूने हात जोडून सांगितले, तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले.

"अगं ठके, कणग्या विणणारीनं कणग्या विणाव्यात, भरणारे भरतील! तुझ्या घरी काय उंदरांचं बारसं आहे?"

ओसरीवरचे लोकही हसले. ठकू मान खाली घालून म्हणाली, "म्हाराजांनी सांगितलंय, सरकार."

"गोसाव्यानं सांगितलं? मग द्यायलाच हवा!" असे म्हणून हैबतरावांनी गड्याला डोळा घातला. "जुन्या कोठीच्या तळाचा दे रे हिला."

तो तांदूळ कसला! ओल लागून करडा पडलेला, निम्मा कणीचा, पोरकिड्यांनी भरलेला आणि कुबट वासाचा. जनावरांपुढे टाकण्यासाठी बाजूला काढलेला. ठकूने तो मुकाट्याने डोक्यावरून वाहून आणला. मग ती अंगणात त्याला ऊन दाखवी, पाखडी, निवडी, आणि चिमण्यांना हाकलता हाकलता त्यांच्याशीच बोलत बसे. किडे गेले, वास मात्र जाईना. शेवटी ओंजळभर तांदूळ पदरात बांधून ती महाराजांकडे गेली आणि रडू लागली.

"म्हाराज, ह्याचा वास जात न्हाई. ह्यो कुणाच्या पानात वाढू मी?"

महाराजांनी ती ओंजळ आपल्या हातात घेतली. एखादे फूल हुंगावे तशी हुंगली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ठकू, हा झोपला आहे. उगाच उठवू नकोस. नीट पांघरूण घाल."

तिने कणगीत तांदळाचा एकेक थर अंथरला, थरावर कडुलिंबाचा वाळला पाला पसरला, वर राख घातली, झाकण ओल्या मातीने लिंपून टाकले. थरामागून थर देताना, कसे कोण जाणे, तिच्या तोंडून अंगाईसारखे काहीतरी येत होते. पुढे पाऊस लागला. चुलीजवळ कामट्या सोलत बसलेली ठकू मध्येच हात थांबवी आणि कणगीला कान लावी. आत काही तरी संथपणे श्वास घेत आहे असे तिला वाटे. मडक्यात काही नसले तर ती नुसते पाणी पिऊन निजे, पण झाकणाला तिने हात लावला नाही. शेजारणी म्हणत, "ठकी खुळावली." कधीकधी तिलाही तसेच वाटे.

श्रावण आला. हैबतरावांची लेक सगुणा कोकणात दिली होती, नुकतीच बाळंत झाली होती. तिला आणि तान्ह्याला माहेरी आणायला देशमुख स्वतः भोई आणि डोली घेऊन घाट उतरले. परतीच्या दिवशी सकाळपासून असे धुके दाटले की अंगणात उभ्या माणसाला आपले घर दिसेना. दुपार झाली, तरी डोली आली नाही. मग कड्याच्या बाजूने हाका ऐकू येऊ लागल्या. गावकरी धावले, पण हाक क्षणात उजवीकडून येई, क्षणात पाठीमागून. धुके आवाजालाही चकवत होते. एका पावलाच्या चुकीवर खोल दरी! माणसे हताश होऊन परतली.

ठकू दारात उभी राहून कड्याच्या बाजूला कान देत होती. इतक्यात धुक्यातून महाराज येताना दिसले. ते कधी कोणाच्या घरी जात नसत.

"ठकू," महाराज म्हणाले, "आता उठव त्याला. कणगी उघड आणि भात टाक. थोरलं पातेलं घे. झाकण ठेवू नकोस."

तिच्या मनात आले, हा कुबट तांदूळ, आणि आज! पण हात मनाच्या पुढे गेले होते. तिने लिंपण फोडले, तांदूळ धुतला, आधणात वैरला. आणि भाविकहो, पहिली उकळी आली मात्र, ठकूच्या झोपडीत आंबा मोहरला! भर श्रावणात, मोहोराचा तो गोड, थोडासा तुरट, माणसाला लहान करून टाकणारा दरवळ. तो छपरातून बाहेर पडला, धुक्यात मिसळला. गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. घराघरांतून माणसे बाहेर आली आणि वासाकडे तोंड करून उभी राहिली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. धुक्यातून प्रथम एक बाई आली, अनवाणी, तान्हे पोटाशी धरलेली. तिच्या मागे तिचा पदर धरून हैबतराव, आणि त्यांच्या मागे डोली तिथेच टाकून एकमेकांचे हात धरलेले भोई.

"काही दिसत नव्हतं," सगुणा चुलीपाशी बसत म्हणाली. तिचे दात वाजत होते. "बाबा म्हणत होते, हलू नका, हलू नका. मग वास आला. मला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठी भात टाकलाय. मग भीतीच वाटली नाही. चालत सुटले."

ठकूने तिच्यापुढे पान मांडले. भोई बसले. महाराजही एका कडेला बसले. हैबतराव तेवढे उंबऱ्यात उभे होते. त्या दिवसाआधी त्यांच्या घराण्यातल्या कोणी तो उंबरा ओलांडला नव्हता.

"ठके," ते म्हणाले, "हा आंबेमोहोर कुठून आणलास? माझ्या वावरातसुद्धा असा पिकत नाही."

ठकू घाबरली. "सरकार, तुमचाच हाय. तुमच्या जुन्या कोठीतला."

हैबतरावांनी उंबरा ओलांडला. त्यांनी कणगीत हात घालून मूठ बाहेर काढली. तेच करडे तुकडे, तीच कणी, मध्ये कडुलिंबाची वाळली पाने. आणि पातेल्यातून मोहोर दरवळतच होता. त्यांनी मूठ पुन्हा कणगीत सोडली. मग त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "अरे, माझ्या पाया काय पडतोस? मीही इथं जेवायलाच आलो. भात मी नाही टाकला."

हैबतराव वळले. डोक्यावरचे पागोटे उतरवून त्यांनी ते ठकूच्या चुलीपुढे ठेवले आणि त्या शेणसारवल्या जमिनीवर कपाळ टेकले. "सरकार, नगा, नगा!" म्हणत ठकू भिंतीला जाऊन टेकली. ते उठले, भोयांच्या पंगतीत शेवटी जाऊन बसले आणि मान वर न करता म्हणाले,

"ठकूबाई, मलाही वाढा."