चौथ्या दिवसाची वाट

मुलांनो, एका डोंगराळ रानात धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत असे. मोठ्या चोचीचा बाप, तशीच मोठ्या चोचीची आई आणि ढोलीत नुकतंच पिसं धरू लागलेलं त्यांचं पिलू. पण दोघांचं काही केल्या पटेना. रोजच्या कटकटीला कंटाळून दोघं वेगळी झाली आणि वाटणीसाठी वानराकडे गेली. वानराने निवाडा दिला, "ढोली आईची, समोरचा उंबर बापाचा. पिलू आईजवळ राहील. बापाने दर चौथ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याजवळ बसावं."

बापाला हा निवाडा मुळीच पटला नाही. फक्त चौथा दिवस! आणि ढोलीही गेली? तिचं तोंड लिंपायला चोचीचोचीने चिखल कुणी आणला होता? तो तडक हत्तीणआजीकडे गेला, कारण वानराच्या निवाड्यावरचं अपील तिच्यापुढे चाले. आजी म्हणाली, "अरे, इथे भांडण पहिल्यापासून मांडायचं नसतं. वानराचं कुठे चुकलं, तेवढं दाखव. दहाव्या दिवशी ऐकते."

झालं! बापाने कंबर कसली. ओढ्याकाठी जाऊन त्याच जागच्या चिखलाचा गोळा पुराव्याला उचलला. साक्षीसाठी सुतार पक्ष्याला शोधत तीन डोंगर पालथे घातले. तो सापडला, तर म्हणतो कसा, "ती ढोली होय? ती तर मीच कोरली होती, राव!" या धावपळीत चौथा दिवस आला नि गेला, आठवाही गेला. इकडे उंबर पिकून गळायला लागला होता.

दहाव्या दिवशी हत्तीणआजी स्वतःच ढोलीखाली आली. "ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला अजून उडता येत नाही," ती म्हणाली. "बोल, काय चुकलं?"

बाप घसा खाकरतो न खाकरतो, तोच ढोलीतून इवली चोच बाहेर आली. "बाबा, तुमच्या दिवशी मी वाट पाहिली. दोन्ही वेळा. तुम्ही का नाही आलात?"

"अरे सोन्या, तुझ्याजवळचे दिवस वाढवून मागायलाच तर हिंडत होतो!" बाप बोलून गेला, आणि स्वतःचेच शब्द कानावर पडताच त्याला रडू कोसळलं. मग तो म्हणाला, "आजी, ढोली तिचीच राहू दे. पण एक चूक झालीय खरी. उंबर मला दिला, आणि खाणारं तोंड इथे आहे."

"हे मात्र खरं," आजी म्हणाली. "येताना मी पिकली फळं तुडवत आले. आजपासून उंबर पिलाचा. चौथा दिवस आहे तसाच राहील. आधी मिळालेला पाळ, मग वाढवून माग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप चोचीत पिकलं फळ घेऊन आला आणि जवळच्या फांदीवर घुटमळला. पिलाने विचारलं, "बाबा, आज चौथा दिवस आहे?"

"नाही रे," बाप ओशाळून म्हणाला. "एवढं देतो आणि निघतो."

आतून आईचा आवाज आला, "बसा थोडं. घास भरवायला कुणाचा निवाडा लागत नाही."

तात्पर्य : मुलांसाठी भांडता भांडता मुलांनाच विसरू नये, वाट्याला आलेला थोडा वेळ जो मायेने पाळतो, त्यालाच अधिक मिळतो.