टाप न पडलेली जमीन

कालवबेटाचं वेगळं राज्य होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. राज्याला झेंडा होता, शिक्का होता, एक तोफसुद्धा होती. भाताचं खाचर मात्र एकही नव्हतं! सगळं बेट खडकाचं. तांदूळ यायचा तो खाडीपलीकडच्या साम्राज्यातून. आणि तिथल्या सम्राट रणधवलांनी निरोप धाडला होता, “दसऱ्यापासून तांदूळ बंद. भात खायचा असेल तर झेंडा उतरवा आणि आमच्यात या!”

बेटावर सभा भरली. लढावं, असं तोफवाल्याचं मत पडलं. दारू कुठाय, असं विचारल्यावर त्याने मत मागे घेतलं. शेवटी राज्याचे प्रमुख धर्मा पाटील म्हणाले, “पलीकडं जमीन इकत घेऊ. मीठ आपल्याकडं रग्गड हाय.”

दसऱ्याला पाटील होडीतून निघाले. वल्हवायला नागू होती. खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचून पोट भरणारी ही बाई बोलायची कमी, आणि जे बोलायची ते सहसा कुणाला आवडायचं नाही.

सम्राटांची छावणी काठावरच पडली होती. दर दसऱ्याला घोड्यावर बसून सीमेपर्यंत यायचं, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज.

“जमीन? आणि विकत?” सम्राट म्हणाले. “आमच्या पणजोबांची शपथ आहे, पाटील. आमच्या घोड्याची टाप जिथे पडली ती जमीन आमची, आणि ती विकायची नाही.”

“आणि टाप पडली नाही अशी जागाच नाही,” प्रधानजींनी पुस्ती जोडली. “महाराजांचा घोडा मुदपाकखान्यातसुद्धा जाऊन आलाय.”

“ते चुकून,” सम्राट म्हणाले. “पण मी दिलदार माणूस आहे. टाप न पडलेली जमीन दाखवा, गलबतभर मिठाला देऊन टाकतो. सूर्य मावळेपर्यंत दाखवता आली नाही, तर झेंडा इथेच ठेवून जा!”

पाटलांचं तोंड उतरलं. घरी गेल्यावर पोरांना काय सांगायचं, या विचाराने त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं. नागू मात्र खाडीकडे बघत होती. ओहोटी लागली होती.

“ही काय जमीन,” ती म्हणाली.

“कुठाय?”

“तुमच्या म्होरं. पाणी उतरलंय, दिसत नाय का?”

समोर नजर पोचेल तिथपर्यंत काळाभोर चिखल पसरला होता. दरबार खो खो हसला.

“अगं, हा तर चिखल!” सम्राट म्हणाले.

“असंल. पण तुमचा घोडा गेलाय का तिथं कधी?”

सम्राटांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी आभाळाकडे पाहिलं.

“गेला नसेल तर आत्ता जाईल!” सम्राट गरजले आणि त्यांनी घोड्यावर मांड टाकली.

“महाराज, नका जाऊ,” नागू म्हणाली. पण सम्राटांना ‘नका’ म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, त्यामुळे ऐकायची सवयही नव्हती. त्यांनी टाच मारली. घोडा थोडा पुढे गेला, पोटापर्यंत रुतला आणि मान वळवून त्याने मालकाकडे पाहिलं. सम्राटांनी खाली उडी मारली. ते कमरेपर्यंत गेले. मदतीला धावलेले दोन शिपाई गुडघ्यांपर्यंत अडकले, तेव्हा बाकीच्यांनी काठावरूनच सल्ले द्यायला सुरुवात केली.

“पडली टाप!” सम्राट ओरडले. “चारही पडल्या! जमीन आमची!”

नागूने होडीतली फळी काढली, तिच्यावर एक गुडघा टेकला आणि दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून सरकत ती त्यांच्यापाशी पोचली. सम्राटांना धरायला तिने फळीची कड पुढे केली.

“टाप पडली म्हंजे जमीन तुमच्या ताब्यात, असंच ना?”

“असंच!”

“मग चला बघू घरी.”

सम्राटांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. ते आणखी वीतभर खाली गेले.

“महाराज,” नागू म्हणाली, “आता जमीन तुमच्या ताब्यात हाय, का तुमी जमिनीच्या?”



“भरतीला येळ हाय अजून,” ती म्हणाली. “फळी धरा नि सावकाश इचार करा.”

सम्राटांनी चिखलाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांना हसू फुटलं. “दिली! विकली! ही जमीन ताब्यात ठेवणं आमच्या पणजोबांनाही जमलं नसतं!”

फळ्या टाकून, दोर लावून सम्राट बाहेर निघाले, घोडा निघाला, शेवटी आठवण झाल्यावर शिपाईही निघाले. प्रधानजींनी विक्रीपत्रावर शिक्का उठवला.

“बाई, हा घोडा तुला बक्षीस!” सम्राट म्हणाले.

“घोडा नको. त्याची टाप पडली की जमीन परत तुमची. बैलांची जोडी द्या.”

“चिखलात बैल काय करणार?”

“बांध घालून खाडीचं पाणी भायेर ठेवू. पावसानं खार धुवून गेली की भात लावू. मग नांगराला बैल नकोत?”

सम्राटांचा चेहरा हळूहळू लांब होत गेला. “म्हणजे मी तुम्हाला भातशेती विकली!”

“छ्या! तुमी चिखल इकला. शेती आमी करणार.”

आता मात्र सम्राट इतके हसले, की अंगावर वाळलेल्या चिखलाच्या खपल्या खाली पडू लागल्या. नागू शिंपल्यांची टोपली घेऊन पुढे आली आणि खपल्या वेचू लागली.

“हे काय चाललंय?”

“आमची जमीन हाय, महाराज. तुमच्या अंगाला लागून आली.”

सम्राट हसत हसत खालीच बसले. बैलांच्या दोन जोड्या द्यायचा आणि बेटाचं पहिलं पीक येईपर्यंत तांदूळ चालू ठेवायचा हुकूम त्यांनी बसल्याबसल्याच सोडला. मग उठून त्यांनी अंगरखा काढला आणि तिच्या टोपलीत नीट झटकून दिला.