डोक्यावर मावेल तेवढा संसार

अख्ख्या नगरात एकालाही घर नव्हतं! निदान राजा वीरधवलाकडे आलेले अर्ज तरी तसंच म्हणत होते. "ज्याला गरज, त्याला खजिन्यातून घर," असं महाराज बोलून गेले आणि सावकार, पुजारी, खुद्द राणीसाहेबांचे बंधू सरदार गजराव, सगळे एका रात्रीत बेघर झाले. गजरावांच्या हवेलीत तर माणसांपेक्षा खोल्या जास्त!

महाराज भडकले. "विचारलं की खोटं बोलतात! पाहायला दिवाणजींना पाठवावं, तर हे त्यांच्याच घरी जेवून 'गरज आहे' म्हणत येतात! आता कुणाला न विचारता, कुणाच्या घरात न शिरता खरी गरज मोजून दाखवा. उद्यापर्यंत! नाहीतर या पैशांत मोरांसाठी महाल बांधतो!"

टोपल्या द्यायला आलेली बुरुडाची गोजरा हातातल्या टोपल्या खाली ठेवून पुढे सरली. तिच्या खोपटात माणसं पाळीपाळीने झोपत. जागा नाही म्हणून भावाचं ठरलेलं लग्न अडलं होतं. आणि महाल मोरांना?

"मी मोजून देते, सरकार!" ती बोलून बसली. "फक्त दवंडी माझी."

दवंडी पिटली: "घर हवं त्यानं उद्या सकाळी सगळा संसार एकाच खेपेत आपल्या डोक्यावर घेऊन राजवाड्याच्या छोट्या दिंडी दरवाजातून आत यावं होऽऽ! मागं राहील ते घरासकट सरकारजमा!"

सकाळी पुजारी फिरकले नाहीत. सावकारांना अचानक ताप भरला. पण मोळीविके आले, पाथरवट आले, बुरूड आले. एका म्हातारीच्या डोक्यावर गाठोडं, गाठोड्यावर कोंबडी! सगळे वाकून सुळकन आत. दिवाणजी नुसती डोकी मोजत होते.

तेवढ्यात दारात आरोळी उठली, "अरे, ओढा कुणीतरी!"

सरदार गजराव! 'माझ्या हवेलीला हात लावायची कुणाची छाती आहे,' अशा गुर्मीत काखेत गाठोडं मारून आले होते. पण डोक्यावर होता सागवानी झोपाळा, आणि तो दारात आडवा अडकला होता. कोंबडी टुणकन त्यावर जाऊन बसली.

"मेहुणे, हे काय?" महाराजांनी हसू दाबत विचारलं.

"झोपाळ्याशिवाय आमचा डोळा लागत नाही!"

"गोजरा, झाली मोजणी?"

"झाली की, सरकार! ज्यांचा संसार डोक्यावर मावला, त्यांना घर हवं. ज्यांचा मावेना, ते आपापल्या घरी बसलेत."

"आणि हे दारात अडकलेत ते?"

"त्यांचा निकाल दवंडीनंच लावलाय. हवेली सरकारजमा! तिच्यात एवढी कुटुंबं मावतील, की नवी घरं निम्मीच बांधावी लागतील. आणि सरदारांना आमचं खोपट आहेच रिकामं. झोपाळा तेवढा बाहेर राहील!"

महाराज एवढे हसले, की मुकुट घरंगळून मांडीत पडला. हवेलीतला पहिला ऐसपैस सोपा त्यांनी गोजराच्या घरच्यांना राहायला दिला आणि भावाच्या लग्नाचा आहेर म्हणून तो झोपाळाही. मात्र दारातून सोडवायला आधी सुतार बोलवावा लागला!