अकरा नंबरच्या आसनावरचा भोपळा

"घालतोस, का नुसत्याच फुशारक्या मारतोस?" मुक्ताने विचारलं.

मुक्ता म्हणजे माझी मावसबहीण. पैज अशी, की सकाळच्या ध्यानात माझी तारांची टोपी मी स्वयंपाकघरातल्या लाल भोपळ्याला घालायची.

"घालतो," म्हटलं. अक्कल तेवढीच. दहावीत दोनदा आपटलोय ते काय उगीच?

जागा भंडारदऱ्याच्या पाण्याकाठची. शनिवार-रविवारचं शिबिर. विज्ञान, अध्यात्म आणि अद्वैत. म्हणजे 'मी' असा कुणी वेगळा नाहीच, सगळं एकच, असं काहीतरी. शिकवणार अक्का. कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या. आणि मोजणार डॉक्टर शिरगावकर. ते प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी चढवायचे आणि पलीकडच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर मेंदूच्या लहरी बघायचे.

मला मावशीने आणलं होतं. खरं तर मी आणि मुक्तानेच तिला आणलं होतं. काका जाऊन सात महिने झाले होते. ती रडली नव्हती. दोन घास खायची आणि छताकडे बघत पडायची.

रविवारी सकाळी धुकं पार हॉलमध्ये शिरलं होतं. तंबोरा लागला होता. वीस जण डोळे मिटून, जसे काही ढगातच बसलेले. माझं आसन अकरा नंबरचं, अगदी मागे. डॉक्टर करायचे तशी टोपी ओली करून भोपळ्याला बसवली, त्याला शाल पांघरवली आणि सटकलो.

पाण्याशी गेलो. पाय सोडून बसलो. पलीकडचा काठ नव्हताच. थोड्या वेळाने पायही दिसेनात... पाणी कुठे संपतंय, मी कुठे सुरू होतोय, काही पत्ता लागेना. भारी वाटत होतं. झोपच लागली असणार.

जाग आली तसा पळत आलो. भोपळा दाराआड सारला, टोपी डोक्यावर ओढली, तेवढ्यात घंटा झाली.

डॉक्टर धावतच आत आले. हातात कागद.

"अकरा नंबर कोण?"

मी हात वर केला. म्हटलं, मेलो.

"अक्का, हे बघा! एवढ्या संथ लहरी मी बारा वर्षांत पाहिल्या नाहीत. विचार नाही, भीती नाही... इथे 'मी' उरलेलाच नाही!"

अक्कांनी कागद पाहिला. मग माझे ओले पाय पाहिले.

"अस्सं," म्हणाल्या.

बस, एवढंच.

मग काय, मजाच. जेवताना नाशिकचे एक आजोबा चक्क माझ्या पाया पडले. एकाने त्याच्या वाटीतला गुलाबजाम दिला. मीही डोळे अर्धे मिटले, हळू आवाजात बोलायला लागलो. तसलं जमतं मला.

मावशी शेजारी येऊन बसली.

"बाळा, तिकडे... तुला काका दिसले का रे?"

तोंडातून गेलं, "दिसले."

"कसे होते?"

"मजेत. हसत होते."

मावशीने भात मागून घेतला. वरण घातलं, कालवला, सगळा संपवला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

समोर मुक्ता होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा बाप तो. ताट तसंच ठेवून ती उठली.

उरलेला गुलाबजाम मी वाटीत परत ठेवला.

दुपारी शेवटची बैठक. बाहेर बस येऊन थांबली होती, बॅगा टपावर चढत होत्या. अक्का आपल्या गादीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू बस इथे."

"मी?"

"डॉक्टर म्हणतात, तू उरलेला नाहीस. मग घाबरतंय कोण? बस. विचारतील त्याची उत्तरं दे."

बसलो. अक्का खाली, माझ्यासमोर, मांडी घालून.

धुकं पुन्हा खिडकीशी आलं होतं.

मग मावशीने हात जोडले. मला.

"काही म्हणाले का रे ते? माझ्यासाठी?"

थापा मला पटकन सुचतात. तेव्हाही सुचल्या. दोन-तीन तर चांगल्याच होत्या.

दारात मुक्ता उभी होती.

मी गादीवरून खाली उतरलो.

"मावशी, मला कुणी नाही दिसलं. टोपी मी भोपळ्याला घातली होती. ध्यानाला भोपळा बसला होता, मी बाहेर झोपलो होतो. आणि काकांचं... ते मी बनवून सांगितलं. सगळं मी केलं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. डॉक्टरांनी हातातला कागद उलटा करून पाहिला, मग पुन्हा सुलटा.

बाहेर बसने हॉर्न दिला.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"मग ते कुठायत रे?"

मी अक्कांकडे बघितलं. डॉक्टरांनीही.

अक्का उठल्या. बाहेर जाऊन ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगून आल्या. दार ओढून घेतलं.

"बसा," म्हणाल्या. "आता सुरू करू."