सटवाजी आणि तीन अल्पाका

डोंगरउतारावरच्या एका गावात सटवाजी नावाचा मेंढपाळ राहत होता. त्याची बायको ठकूबाई. एका पावसाळ्यात दूरदेशीचा एक व्यापारी त्यांच्या दारात तापाने कोसळला. दोघांनी त्याची मनापासून शुश्रूषा केली. बरा होऊन घरी परतल्यावर त्याने त्यांच्यासाठी आपल्या देशातली तीन जनावरे पाठवली. अंगावर मेंढीपेक्षा मऊ लोकर, मान उंटासारखी लांब आणि डोळे मोठे पाणीदार. त्या होत्या अल्पाका. ठकूबाईने त्यांची नावे ठेवली राखी, शेवंती आणि कवडी.

सटवाजीला आपल्या हुकमतीचा मोठा अभिमान होता. "माझ्या एका हाकेवर अख्खा कळप वळतो," असे तो चारचौघांत सांगायचा. या तिघींनी मात्र पहिल्याच सकाळी त्याला घाम फोडला.

त्याने अंगण झाडून धूळ एका बाजूला लोटली. तिघी धावत आल्या आणि चारी पाय वर करून त्या धुळीत मनसोक्त लोळल्या. त्याने कडबा टाकला, तर वैरण सोडून कवडी त्याच्या मुंडाशाचा शेमला चघळत बसली. शेण टाकायला त्यांनी मेंढवाड्याचा एकच कोपरा ठरवला होता. तिथे त्या पाणवठ्यावरच्या बायकांसारख्या एकीमागे एक आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहत. हे पाहायला शेजारीपाजारी कुंपणाशी जमत आणि पोट धरून हसत.

सटवाजीला ते हसू झोंबले.

"या वात्रट आहेत," तो म्हणाला. "एकत्र राहून शेफारल्यात. वेगवेगळ्या बांधल्या की येतील वठणीवर."

"अहो, वात्रट कशाच्या?" ठकूबाई म्हणाली. "धुळीत लोळून अंगावरचे किडे झाडतात. एकाच जागी शेण टाकतात, तर आपलीच झाडलोट वाचते. जरा बघा तरी."

"जनावराकडं बघायचं नसतं, त्याला हाकायचं असतं," सटवाजी म्हणाला. त्याने तिघींना वाड्याच्या तीन टोकांना खुंट्यांना बांधले. तिघी माना उंचावून एकमेकींना शोधत दिवसभर हुंकार देत राहिल्या. वैरणीला कोणी तोंड लावले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई ओढ्यावर धुणे धूत होती. अचानक तिला डोंगरावरून धूर उतरताना दिसला. वणवा पेटला होता आणि वारा गावाकडे वाहत होता. धुणे तिथेच टाकून ती वाड्याकडे धावली.

सटवाजीने मेंढ्यांसाठी फाटक उघडले होते, पण धुराने बावरलेल्या मेंढ्या बाहेर पडायला तयार नव्हत्या. एकमेकींना चिकटून त्या जागच्या जागी गरगर फिरत होत्या. त्याच्या हाका कोणी ऐकत नव्हते. शेवटी त्याने राखीला खुंट्यावरून सोडले आणि तो दोर धरून ओढू लागला. ही पुढे निघाली तर मेंढ्या मागून येतील, असे त्याला वाटले. राखीने चारी पाय पोटाखाली दुमडले आणि ती खाली बसली. त्याने जोर लावला, शिव्या दिल्या, विनवण्याही केल्या. ती तसूभर हलली नाही. वरच्या गवताने पेट घेतला. ठिणग्या कुंपणावर पडू लागल्या. सटवाजीच्या तळहातांतून रक्त आले, तरी तो दोर ओढतच होता.

"दोर सोडा!" ठकूबाई आत येत ओरडली.

"सोडला तर ही आगीत पळेल!"

"ओढताय म्हणूनच बसलीय ती. सोडा म्हणते ना!"

सटवाजीने बायकोकडे पाहिले. मग राखीकडे पाहिले. ती आगीकडे बघतच नव्हती. मान वळवून ती खुंट्यांना बांधलेल्या शेवंती आणि कवडीकडे टक लावून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हातातला दोर आपणहून खाली टाकला, धावत जाऊन शेवंतीला सोडले, मग कवडीला.

दोघी येऊन राखीला बिलगल्या. राखी उठली. ठकूबाई ओढ्याच्या दिशेने चालू लागली आणि तिघी तिच्या मागोमाग निघाल्या. धुरात त्यांच्या उंच माना तेवढ्या दिसत होत्या. त्या मानांच्या रोखाने एक मेंढी निघाली, मग दुसरी, मग अख्खा कळप. सगळ्यात मागे सटवाजी एक लंगडे कोकरू खांद्यावर घेऊन चालत होता.

ओढ्यापलीकडे नुसता कातळ होता. आग काठापर्यंत आली आणि तिथेच विझली. कुंपण जळाले, कडब्याची गंजी जळाली, पण एकही जीव गेला नाही.

"मी एवढा जीव तोडून ओढत होतो, तरी ही का नाही आली गं?" सटवाजीने विचारले.

"मला मागं ठेवून तुम्ही आला असता का?" ठकूबाई म्हणाली.

ओढ्याच्या पाण्यात त्याने सोललेले हात बुडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजीने आडावरून पाण्याची बादली भरून आणली. राखी तुरुतुरु आली, पाण्याला तोंड न लावता पुढचे दोन्ही पाय खुशाल बादलीत घालून उभी राहिली. कुंपणाच्या राखेपलीकडे लोक हसू लागले. सटवाजी कमरेवर हात ठेवून थांबला. तिचे पाय चांगले गार झाले, तेव्हा त्याने बादली उचलली आणि दुसरे पाणी आणायला आडाची वाट धरली.

तात्पर्य: जोराने ओढलेला जीव जागीच बसतो, मन ओळखून वागवलेला जीव आगीतूनही सोबत चालतो.